शेअर फोल्डरमध्ये तुम्ही कोणाच्या नावाने शिरता, ते आधी तपासा

नव्या ऑफिसात पहिल्याच दिवशी कोणीतरी सांगतं, "सगळं झेड ड्राइव्हला आहे, तिथूनच उघडायचं आणि तिथेच सेव्ह करायचं." आपण झेड उघडतो, फाइली दिसतात, काम सुरू होतं. झेड म्हणजे खरं तर दुसऱ्या एका मशीनवरचा, सगळ्यांनी वापरायचा शेअर फोल्डर. त्या मेन मशीनने आपल्याला आत घेतलं ते कोण समजून, हा प्रश्न मनातही येत नाही. माझ्याही मनात बरीच वर्षं आला नव्हता.

मी सदाशिव पेठेतल्या एका कर सल्लागारांकडे हिशोबाचं काम करते. हळूहळू तिथल्या कॉम्प्युटरांची देखभालही माझ्याकडे आली. बाहेर सहा टेबलांवर सहा पीसी आणि आतल्या खोलीत कपाटाशेजारी मेन मशीन. त्याचं नाव आम्ही 'गोदाम' ठेवलंय, कारण सगळ्या पक्षकारांच्या फाइली त्यातच. एका गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज बंद होती. दुपारी ती आली तशी सगळ्यांनी आपापले पीसी सुरू केले, पण आतलं मेन मशीन सुरू व्हायला वेळ लागला. आमच्याकडे नुकत्याच शिकायला आलेल्या मुलीच्या पडद्यावर नाव आणि पासवर्ड विचारणारी चौकट आली. ती गोंधळली. शेजारच्या टेबलावरचे आमचे अकाउंटंट काका उठून गेले, त्यांनी स्वतःचं 'हिशोब' हे खातं आणि पासवर्ड टाकला, 'लक्षात ठेवा' या चौकोनातली खूण तशीच राहिली, आणि झेड उघडला. तेव्हा दोघांनाही बरं वाटलं.

तीन आठवड्यांनी एका पक्षकाराचा अख्खा वर्षाचा फोल्डर नाहीसा झाला. नेटवर्कवरून पुसलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जात नाही, ती थेट जाते. त्या फोल्डरमधून काही पुसायचा अधिकार फक्त 'हिशोब' या खात्याला होता, आणि ते खातं काकांचं. त्यामुळे सगळ्यांच्या नजरा काकांकडे वळल्या. बावीस वर्षं तिथे काढलेला माणूस दोन दिवस कोणाशी न बोलता डबा खात होता. तिसऱ्या दिवशी मी मेन मशीनवर कोण-कोण जोडलेलं आहे ती यादी उघडली, तर 'हिशोब' हे नाव दोन ओळींत दिसलं. एका ओळीत काकांचा पीसी होता, दुसरीत त्या मुलीचा. तिने जुनी प्रत समजून तो फोल्डर पुसला होता. तिची समजूत अशी की, मी माझ्या नावाने बसले आहे, तर मला जे पुसता येतं ते मला पुसायची परवानगीच असणार. तिची ही समजूत चुकीची होती असं मला आजही म्हणवत नाही. तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून नव्याने कामाला लागलेल्यांसाठी हे सविस्तर लिहितेय. पाच-सात मिनिटांचं काम आहे. पहिल्याच आठवड्यात करून टाका.

नावं दोन असतात

सकाळी पीसी सुरू करताना तुम्ही जे नाव आणि पासवर्ड किंवा पिन टाकता, ते त्या पीसीपुरतं नाव. झेड ड्राइव्ह उघडताना मेन मशीन तुम्हाला पुन्हा एकदा स्वतंत्रपणे ओळखतं, ते दुसरं नाव. कधी ही दोन्ही नावं एकच असतात, कधी नसतात. आणि दुसरं नाव तुम्हाला समोर कुठेही लिहिलेलं दिसत नाही, सगळा घोळ तिथे आहे.

विंडोज हे दुसरं नाव कसं ठरवतं? त्या मेन मशीनसाठी आधीच साठवून ठेवलेलं नाव आणि पासवर्ड असेल, तर तेच वापरतं. नसेल, तर तुम्ही ज्या नावाने पीसीवर बसला आहात तेच नाव आणि तोच पासवर्ड गुपचूप पुढे करतं. मेन मशीनवर त्याच नावाचं, त्याच पासवर्डचं खातं असेल तर काही न विचारता दार उघडतं. जुळत नसेल तर चौकट येते. आणि मेन मशीनवर पासवर्डाची अट काढून टाकलेली असेल, तर जुळणारं खातं नसलेले सगळेच 'गेस्ट' म्हणजे पाहुणे म्हणून आत जातात.

आणखी एक नियम आत्ताच सांगते, पुढे तो लागेल. एका पीसीवर बसलेला एक माणूस एका मेन मशीनशी एका वेळी एकाच नावाने जोडला जाऊ शकतो. झेड एका नावाने आणि वाय दुसऱ्या नावाने, तेही एकाच मशीनवरचे, असं करायला गेलात की चूक क्रमांक १२१९ येते.

सगळ्यात सोपी तपासणी: एक रिकामी फाइल

यात टायपिंग नाही, म्हणून मी नव्या माणसाला आधी हीच करायला लावते. झेड ड्राइव्हमध्ये जिथे तुम्हाला लिहायची परवानगी आहे अशा फोल्डरमध्ये जा. रिकाम्या जागी उजवं बटण दाबून 'न्यू' आणि मग 'टेक्स्ट डॉक्युमेंट' निवडा. फाइलला 'तपासणी' असं काहीही नाव द्या.

आता वरच्या 'व्ह्यू'मधून 'डिटेल्स' निवडा, म्हणजे नाव, तारीख, आकार असे रकाने दिसतील. रकान्यांच्या मथळ्यावर उजवं बटण दाबा, खाली 'मोअर' दिसेल, तिथल्या लांब यादीत 'ओनर' शोधून खूण करा. नवा रकाना उघडेल. तुमच्या रिकाम्या फाइलीसमोर त्यात जे नाव आलं, त्याच नावाने तुम्ही आत शिरला आहात.

ते नाव दोन भागांत असतं. तिरक्या रेघेच्या आधी मशीनचं नाव आणि नंतर खात्याचं, म्हणजे गोदाम\हिशोब असं. त्या मुलीच्या पीसीवर मी हेच करून पाहिलं. तिने स्वतःच्या हाताने फाइल बनवली आणि समोर 'हिशोब' उमटलं. ती माझ्याकडे बघतच राहिली.

दोन ठिकाणी ही तपासणी फसवते. खातं मेन मशीनवर ॲडमिनिस्ट्रेटर असेल, तर नावाऐवजी कधी 'ॲडमिनिस्ट्रेटर्स' हा अख्खा गट दिसतो. आणि मेन मशीनऐवजी नॅस म्हणजे नेटवर्कला जोडलेली साठवणपेटी असेल, तर काही पेट्यांमध्ये कोणीही लिहिलं तरी मालक एकच दिसेल अशी मांडणी केलेली असते. असं झालं तर पुढच्या तपासण्या करा. रिकामी फाइल काम झाल्यावर पुसून टाका.

आपल्या पीसीवरून पाहणं

आधी पहिलं नाव पक्कं करा. स्टार्टमध्ये कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, शोधून उघडा. सगळ्या आज्ञा इंग्रजी अक्षरांतच टाइप करायच्या आहेत, इथे मी उच्चार देतेय. 'हू', 'ॲम', 'आय' हे तीन शब्द मधे जागा न सोडता लिहा आणि एंटर दाबा. तुम्ही पीसीवर कोण म्हणून बसला आहात ते येईल. हे नाव कागदावर लिहून ठेवा.

मग त्याच खिडकीत:

नेट यूज

या दोन शब्दांत मात्र एक जागा सोडायची. कोणतं अक्षर कोणत्या मशीनच्या कोणत्या फोल्डरला जोडलंय त्याची यादी येते: झेड, आणि समोर \\गोदाम\पक्षकार. पण या यादीत खात्याचं नाव नसतं. खूप जण इथेच थांबतात आणि 'ओके' असा शेरा पाहून सगळं ठीक आहे असं समजतात. ओके म्हणजे जोडणी चालू आहे, एवढंच. ती कोणाच्या नावाने आहे ते ही आज्ञा सांगत नाही. 'डिस्कनेक्टेड' असं दिसलं तरी घाबरायचं कारण नाही. बराच वेळ कोणी वापरलं नाही की मेन मशीन जोडणी सोडून देतं. विंडोजमध्ये ही मुदत मुळात १५ मिनिटांची असते. फोल्डर उघडला की जोडणी पुन्हा होते.

आता साठवलेली नावं बघा. स्टार्टमध्ये 'क्रेडेन्शियल मॅनेजर' शोधा आणि त्यातल्या 'विंडोज क्रेडेन्शियल्स' या भागावर टिचकी मारा. इथे मेन मशीनचं नाव दिसलं तर शेजारचा बाण दाबून नोंद उलगडा. खात्याचं नाव स्पष्ट दिसतं, पासवर्डाच्या जागी ठिपके. एकाच मेन मशीनच्या दोन नोंदीही असू शकतात, एक नावाने आणि एक आयपी पत्त्याने, म्हणजे नेटवर्कवर त्या मशीनला दिलेल्या आकडी पत्त्याने. विंडोजच्या लेखी ती दोन वेगवेगळी मशीनं आहेत, म्हणून दोन्ही उलगडून पाहा. त्या मुलीच्या पीसीवर 'गोदाम'समोर 'हिशोब' इथेच बसलेलं होतं.

पण क्रेडेन्शियल मॅनेजर फक्त साठवलेलं सांगतो. या क्षणी प्रत्यक्षात काय वापरात आहे हे पाहायचं तर पॉवरशेल लागतं, म्हणजे आज्ञा लिहायची विंडोजमधलीच दुसरी खिडकी. स्टार्टमध्ये पॉवरशेल शोधा, उजवं बटण दाबून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' निवडा. त्याआधी झेड ड्राइव्ह उघडून एखाद्या फोल्डरमध्ये शिरून या, नाहीतर जोडणीच नसेल आणि उत्तर कोरं येईल. मग लिहा:

गेट-एसएमबीकनेक्शन

'गेट'नंतर आडवी रेघ, पुढचं सगळं सलग. एसएमबी ही तीन इंग्रजी अक्षरं आहेत. शेअर फोल्डरच्या देवाणघेवाणीची जी पद्धत आहे तिचं हे नाव. उत्तरात एकामागे एक रकाने येतात: मशीन, फोल्डर, मग 'यूजरनेम' आणि 'क्रेडेन्शियल'. हे शेवटचे दोन नीट वाचा, कारण आपण ज्यासाठी निघालो ते इथे आहे. 'यूजरनेम'मध्ये तुम्ही पीसीवर कोण म्हणून बसला आहात ते असतं. 'क्रेडेन्शियल'मध्ये मेन मशीनला दाखवलेलं खातं असतं. दोन्हीकडे एकच नाव असेल तर प्रश्न मिटला. यूजरनेममध्ये तुमचं आणि क्रेडेन्शियलमध्ये दुसऱ्याचं नाव असेल, तर तुम्ही दुसऱ्याच्या चावीने आत गेला आहात.

शेजारी 'डायलेक्ट' नावाचा रकाना असतो, त्यावरही नजर टाका. ३.१.१ असेल तर उत्तम. १ ने सुरू होणारा आकडा दिसला, तर मेन मशीन किंवा नॅस फार जुन्या पद्धतीवर आहे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस याच जुन्या पद्धतीतल्या भोकातून जगभर पसरला. असा आकडा दिसला तर त्याच दिवशी ऑफिसप्रमुखांना सांगा.

'नेट यूज' साध्या खिडकीत चालवा आणि पॉवरशेल ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून. उलट करू नका. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या खिडकीला विंडोज वेगळं सत्र समजतं, त्यामुळे तुमचा झेड तिथे दिसतच नाही आणि उगाच जोडणी तुटल्यासारखं वाटतं. काही जण हिशोबाचं सॉफ्टवेअर 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करून उघडतात आणि मग "डेटा सापडत नाही" म्हणून फोन करतात. निम्म्या वेळा कारण हेच असतं.

मेन मशीनला विचारा

आपला पीसी काय म्हणतो यापेक्षा मेन मशीन काय म्हणतं त्याला वजन जास्त, कारण दार त्याचं आहे. मेन मशीनवर बसायची परवानगी असेल, किंवा ज्यांना आहे ते सोबत असतील, तर हे जरूर करा.

स्टार्टवर उजवं बटण दाबून 'कॉम्प्युटर मॅनेजमेंट' उघडा. डावीकडे 'सिस्टिम टूल्स', त्याखाली 'शेअर्ड फोल्डर्स', त्याखाली तीन नोंदी: शेअर्स, सेशन्स, ओपन फाइल्स. 'सेशन्स' उघडा.

प्रत्येक ओळ म्हणजे एक जोडणी. 'यूजर' रकान्यात खातं, 'कॉम्प्युटर' रकान्यात ते कोणत्या पीसीवरून आलं त्याचं नाव किंवा आयपी पत्ता, किती फाइली उघड्या आहेत, केव्हापासून जोडलेलं आहे, किती वेळ निष्क्रिय आहे. शेवटी 'गेस्ट' नावाचा रकाना, त्यात होय किंवा नाही. तिथे 'होय' दिसलं तर तो पीसी पाहुणा म्हणून आत आला आहे, त्याची ओळख पटवलेलीच नाही.

मी इथे दोन गोष्टी बघते. एकच खातं दोन पीसींवरून आलंय का? त्या दिवशी 'हिशोब' दोनदा दिसलं ते इथेच. आणि एखाद्या पीसीवर बसणाऱ्या माणसाचं स्वतःचं खातं यादीत कुठेच नाही, असं आहे का? नसेल तर तो माणूस दुसऱ्या कोणाच्या तरी नावाने आत असणार.

'ओपन फाइल्स'मध्ये कोणती फाइल कोणत्या खात्याने उघडून ठेवलीये ते दिसतं. "फाइल दुसऱ्याने उघडली आहे" असा निरोप येऊन काम अडतं, तेव्हा कोणाला हाक मारायची ते इथे कळतं. जीएसटीच्या २० तारखेला आमच्याकडे ही खिडकी दिवसभर उघडी असते. पण तिथे उजवं बटण दाबून कोणाची फाइल परस्पर बंद करू नका. समोरच्याने सेव्ह केलं नसेल तर त्याचं लिहिलेलं जातं. उठून त्याच्या टेबलाशी जा.

काल-परवा कोण आलं होतं हे मात्र सेशन्समध्ये दिसत नाही, ती यादी फक्त आत्ताची असते. मागचं पाहायला 'इव्हेंट व्ह्यूअर'मधली सुरक्षेची नोंदवही लागते. त्यात ४६२४ क्रमांकाच्या नोंदी म्हणजे आत आलेले लोक. त्यांपैकी 'लॉगॉन टाइप' ३ असलेल्या नेटवर्कवरून आलेल्या. त्या नोंदीतच खातं आणि आलेल्या पीसीचा पत्ता सापडतो. फोल्डर कोणी उघडला याची वेगळी नोंद ५१४० क्रमांकाने होते, पण ती आपोआप होत नाही. आधीपासून सुरू करून ठेवलेली असावी लागते. आम्ही ती त्या घटनेनंतर सुरू केली.

नॅस असेल तर त्याच्या ब्राउझरमधल्या पानावर आत्ता जोडलेल्यांची यादी असते. लिनक्सवर सांबा, म्हणजे तिथून असेच शेअर फोल्डर देणारं सॉफ्टवेअर, चालत असेल तर 'एसएमबीस्टेटस' ही एक सलग आज्ञा खातं आणि पीसी दोन्ही सांगते. मॅक वापरणाऱ्यांना सगळ्यात सोपं: फाइंडरमध्ये डावीकडे मशीनच्या नावावर टिचकी मारली की वर 'कनेक्टेड ॲज' आणि पुढे खातं लिहिलेलं येतं. चौकट आली असताना साठवून ठेवलेला पासवर्ड मॅकमध्ये 'कीचेन'मध्ये जातो, तिथून तो पुसता येतो.

चुकीचं नाव निघालं तर

घाईने पासवर्ड बदलायला जाऊ नका. आधी सगळ्या फाइली सेव्ह करून बंद करा. झेडची खिडकीही बंद करा. मग क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये त्या मशीनच्या नोंदीवर 'रिमूव्ह' दाबा. नावाची आणि आयपी पत्त्याची, दोन्ही नोंदी असतील तर दोन्ही काढा.

नोंद काढली तरी चालू जोडणी जुन्याच नावाने राहते. ती तोडायला साध्या कमांड प्रॉम्प्टमध्ये 'नेट यूज', मग ड्राइव्हचं अक्षर आणि अपूर्णविरामाची खूण, मग पुढे झुकलेली रेघ आणि 'डिलीट':

नेट यूज झेड: /डिलीट

एवढं करूनही नवं नाव टाकताना १२१९ येत असेल, तर पुन्हा 'नेट यूज' करून बघा. यादीत 'आयपीसी' आणि त्यापुढे डॉलरची खूण असलेली ओळ राहिलेली असते. ती विंडोजने आपल्या आपण केलेली जोडणी असते आणि जुनं नाव धरून बसते. तीही तशीच तोडा. हे जमत नसेल तर साइन आउट करून परत या, किंवा पीसी रीस्टार्ट करा. मी बहुतेक वेळा सरळ रीस्टार्टच करायला सांगते, त्यात शंका राहत नाही.

आता 'धिस पीसी' उघडून 'मॅप नेटवर्क ड्राइव्ह' निवडा. अक्षर झेड, फोल्डरच्या जागी \\गोदाम\पक्षकार. खाली दोन चौकोन असतात. 'रीकनेक्ट ॲट साइन-इन'ला खूण राहू द्या. 'कनेक्ट यूजिंग डिफरंट क्रेडेन्शियल्स'लाही खूण करा, म्हणजे विंडोज गुपचूप काही पुढे न करता तुम्हाला विचारेल. नाव टाकताना नुसतं खातं लिहू नका, आधी मेन मशीनचं नाव, मग तिरकी रेघ, मग तुमचं खातं: गोदाम\शिकाऊ. नुसतं खातं लिहिलं की ते कोणत्या मशीनवरचं यावरून घोळ होऊ शकतो.

'लक्षात ठेवा'ची खूण करायची की नाही? स्वतःच्या टेबलावर, स्वतःच्या खात्यासाठी खुशाल करा. दुसऱ्याच्या टेबलावर कधीच नाही. आणि कोणी मदत म्हणून तुमच्या पीसीवर त्यांचा पासवर्ड टाकायला आलं, तर संकोच न करता म्हणा, "काका, ती खूण काढून टाकाल का?" वडीलधाऱ्यांना असं म्हणायला जड जातं, मला कळतं. पण काकांनीच नंतर मला सांगितलं की त्या दिवशी तिने एवढं म्हटलं असतं, तर त्यांच्यावर ती वेळ आली नसती.

झालं की पुन्हा रिकामी फाइल बनवा आणि 'ओनर' बघा. तुमचं नाव आलं पाहिजे.

इथे लोक अडतात

पिन. पीसी सुरू करताना चार-सहा आकड्यांचा पिन टाकायची सवय असते, तोच लोक शेअर फोल्डरच्या चौकटीत टाकतात. तो चालत नाही. पिन त्याच एका पीसीपुरता असतो. नेटवर्कला खात्याचा खरा पासवर्ड लागतो. मायक्रोसॉफ्ट खातं असेल तर ईमेल आणि त्या खात्याचा पासवर्ड. म्हणूनच मी मेन मशीनवर प्रत्येकासाठी साधी स्थानिक खाती बनवून ठेवते. सेटिंग्जमध्ये 'अकाउंट्स', 'अदर यूजर्स', खातं जोडताना मायक्रोसॉफ्ट खात्याशिवायचा पर्याय निवडायचा.

कोरा पासवर्ड. पासवर्ड नसलेल्या स्थानिक खात्याला विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही, फक्त त्या मशीनसमोर बसून चालवू देतं. "माझ्या खात्याला पासवर्डच नाही, मग विचारतो कशाला?" याचं उत्तर हे.

गेस्ट. पूर्वी कोणी येऊन 'पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग' बंद करून जायचं, म्हणजे चौकट येत नाही आणि सगळ्यांचं चालतं. त्याचा अर्थ जुळणारं खातं नसलेले सगळे जण पाहुणे, आणि त्यांच्यापैकी फाइल कोणी पुसली ते खात्याच्या नावावरून कळणार नाही. विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे बऱ्याच ऑफिसांत आता विंडोज ११ चे नवे पीसी आलेत. विंडोज ११ प्रोच्या २४एच२ आवृत्तीत पाहुणा म्हणून जायचा रस्ता मुळातच बंद असतो. जुन्या पीसीवर शेअर उघडतो आणि नव्यावर सुरक्षा धोरणाचं कारण देऊन नकार येतो, तो याचमुळे. नव्या पीसीवर तो रस्ता पुन्हा उघडून देणारे उपाय कोणी सुचवेल, ते करू नका. मेन मशीनवर नीट खाती बनवा.

रात्रीचा बॅकअप. टास्क शेड्युलरमधून चालणारं काम कोणीही साइन इन नसताना चालत असेल, तर त्याला झेड हे अक्षर माहीत नसतं. तिथे \\गोदाम ने सुरू होणारा पूर्ण मार्ग लिहा. आणि त्यात 'पासवर्ड साठवू नका' या पर्यायावर खूण असेल, तर ते काम फक्त आपल्या पीसीतल्याच फाइलींना हात लावू शकतं, शेअर फोल्डरला नाही. सकाळी बॅकअपचा फोल्डर कोरा दिसला की आधी ही खूण बघा.

आणि एवढं सगळं तपासूनही, नाव बरोबर असताना "परवानगी नाही" येत असेल, तर प्रश्न नावाचा नाही, अधिकाराचा आहे. शेअर फोल्डरवर अधिकार दोन जागी दिलेले असतात, 'शेअरिंग'मध्ये आणि 'सिक्युरिटी'मध्ये. दोहोंपैकी जो तोकडा तो लागू होतो. मेन मशीनवर फोल्डरच्या 'प्रॉपर्टीज'मधून 'सिक्युरिटी', मग 'ॲडव्हान्स्ड', मग 'इफेक्टिव्ह ॲक्सेस'मध्ये जा आणि तुमचं खातं निवडा. त्या खात्याला काय करता येतं आणि काय नाही, ते एकेका ओळीत हिरव्या-लाल खुणांनी दिसतं.

जिथे माणूस बसलेला नाही ते खातं

मोठं झेरॉक्स मशीन, जे स्कॅन करून फाइल थेट शेअर फोल्डरमध्ये टाकतं, त्याच्या पोटातही एक खातं आणि पासवर्ड साठवलेला असतो. ते मशीन बसवायला आलेल्या माणसाने त्या दिवशी जो पासवर्ड हाताशी होता तो टाकलेला असतो, बहुतेक वेळा मालकांचा. सेशन्सच्या यादीत झेरॉक्स मशीनच्या पत्त्यासमोर कोणाचं नाव आहे ते एकदा बघाच. आमच्याकडे तिथेही 'हिशोब' निघालं. काकांनी पासवर्ड बदलला त्याच संध्याकाळी स्कॅन यायचे बंद झाले, तेव्हा ते लक्षात आलं. आता मेन मशीनवर 'स्कॅनर' नावाचं वेगळं खातं आहे. त्याला फक्त 'स्कॅन' या एकाच फोल्डरमध्ये लिहायची परवानगी आहे, बाकी कुठे नाही.

आतल्या खोलीतल्या कपाटाच्या दारावर आतून एक कागद चिकटवला आहे. प्रत्येक पीसीचा पत्ता आणि त्याच्यासमोर कोणतं खातं असायला हवं, एवढंच त्यात. पासवर्ड नाही. गुरुवारी वीज आली की आधी मेन मशीन सुरू करायचं, ते पूर्ण उभं राहिलं की मग बाहेरचे पीसी, आणि नंतर सेशन्स उघडून एकेक ओळ त्या कागदाशी ताडून बघायची. आता हे काम ती मुलगीच करते.